शंभर वर्षांचं किराणा दुकान: आधी उधारी वाचा, मग वंशावळ

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तालुक्याच्या बाजारपेठेत तुमच्या घरचं किराणा दुकान आहे, पणजोबांनी काढलेलं. येत्या दिवाळीला शंभर वर्षं पुरी होतात असं घरात सगळे म्हणतात. वडील थकलेत, दुकान बंद करायचं त्यांच्या मनात आहे, आणि त्याआधी दुकानाचा इतिहास लिहून काढावा असं तुम्हाला वाटतंय. हाताशी आहे ते माळ्यावरचं लाल वह्यांचं गाठोडं, एक तागडी, थोडी लोखंडी वजनं आणि वडिलांच्या आठवणी. सुरुवात कुठून करू, शंभर वर्षं खरी की सांगोवांगी हे कसं ठरवू, आणि उधारीच्या वहीतली नावं छापू का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

मी करसल्लागार आहे. बाजारपेठेतल्या किराणा आणि भुसार दुकानांचे हिशेब बघण्यातच माझी उमेदीची वर्षं गेली. त्यातून जुन्या वह्या वाचायचा नाद लागला आणि आता अशा घरांना त्यांचा इतिहास लिहायला मदत करते. म्हणजे हे उत्तर हिशेबनिसाचं आहे, प्राध्यापकाचं नव्हे, हे आधीच सांगते.

तुमची खरी अडचण साधनांची नाही. गाठोडंभर वह्या म्हणजे पुष्कळ झालं. बहुतेक घरांनी त्या बंबात घातलेल्या असतात. अडचण आहे ती दुकानाचा इतिहास लिहायचा की घराण्याचा, ही. शताब्दीच्या पुस्तिका मी बऱ्याच चाळल्यात. पणजोबा नेसत्या वस्त्रानिशी आले, सचोटीने धंदा केला, आजोबांनी तो वाढवला, मग सर्व मुलांची शिक्षणं, लग्नं, फोटो. वाचून संपवल्यावर दुकानात काय विकत होते हेच कळत नाही. गिऱ्हाईक कोण होतं, माल कुठून यायचा, पैसे कधी मिळायचे, आणि नाही मिळाले तर काय व्हायचं, हा दुकानाचा इतिहास. आणि या सगळ्याला बांधून ठेवणारी गोष्ट एकच, उधारी. माझा आग्रह असा की वंशावळ शेवटच्या दोन पानांत उरका आणि कणा उधारीचा ठेवा.

आता बरंचसं तुमच्या गावावर अवलंबून आहे आणि गाव कुठलं ते तुम्ही लिहिलेलं नाही. १९५६च्या १ नोव्हेंबरआधी आजचा महाराष्ट्र एका राज्यात नव्हता. पश्चिम महाराष्ट्र, कोकण, खानदेश मुंबई इलाख्यात, विदर्भ मध्य प्रांत-वऱ्हाडात, मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आणि मधेमधे कोल्हापूर, सांगली, औंध, फलटण अशी छोटीमोठी संस्थानं. त्यामुळे वहीतलं नाणं, वर्ष, कर, परवाना सगळंच बदलतं. मराठवाड्यातल्या वहीत रुपये ‘हाली’ असतील, म्हणजे हैदराबादचा हाली शिक्का, तर कधी ‘कलदार’, म्हणजे ब्रिटिश रुपया. सात हाली म्हणजे सहा कलदार. एकाच पानावर दोन्ही दिसले तर घाबरू नका. उलट आनंद माना, कारण त्याचा अर्थ दुकानाचा माल सरहद्द ओलांडून येत होता. बार्शीची पेठ फुगली ती याच कारणाने. गाव इंग्रजी हद्दीत, पलीकडे निजामाचा मुलूख, आणि १८९७ साली छोटी रेल्वे आली ती १९११ला लातूरपर्यंत पोचली. तुमचं गाव अशा एखाद्या सीमेवर किंवा रेल्वेच्या टोकाला असेल तर दुकानाचं निम्मं नशीब तिथेच सापडेल. मुंबई इलाख्यातलं गाव असेल तर जुनं जिल्हा गॅझेटियर बघा. सोलापूरचं १८८४चं, पुण्याचं आणि साताऱ्याचं १८८५चं. व्यापाराच्या प्रकरणात कुठल्या गावी कुठल्या वारी बाजार भरतो, दुकानदार कुठल्या समाजाचे, माल कुठून येतो हे तपशिलात दिलेलं असतं. तुमचे पणजोबा त्यानंतरचे, पण ते कुठल्या पेठेत येऊन बसले हे त्यावरून कळेल.

शंभर वर्षांचं बघू. दुकान सुरू झालं म्हणजे नेमकं काय झालं, हे आधी ठरवा. पणजोबा गावात आले ते एक वर्ष. डोक्यावर पाटी घेऊन किंवा आठवडी बाजारात गोणपाट अंथरून विकायला लागले ते दुसरं. पेठेत जागा भाड्याने घेऊन फळी टाकली ते तिसरं, आणि आजची जागा खरेदी केली ते चौथं. घरात सांगतात ते वर्ष बहुधा यांपैकी कुठलंतरी असतं, पण कुठलं ते कुणाला ठाऊक नसतं. पाटीवर ‘स्थापना’ म्हणून रंगवलेल्या सालावर तर मी अजिबात विसंबत नाही. पाटी रंगवणाऱ्याने विचारलं आणि आजोबांनी अंदाजाने सांगितलं, एवढाच त्याचा आधार असू शकतो.

वहीवरच्या सालाकडे डोळसपणे बघा. किराणा दुकानाचं वर्ष दिवाळीच्या पाडव्याला सुरू व्हायचं, त्यामुळे गुजराती-मारवाडी घरांत, आणि त्यांच्याकडे काम शिकलेल्या मराठी घरांतही, विक्रम संवत लिहायची पद्धत होती. मराठी घरांत शक, मराठवाड्यात फसली, म्हणजे निजामाच्या राज्यातलं महसुली साल. १९२५ सालची दिवाळी घ्या: पाडव्याला संवत १९८२ लागला, शक १८४७ चालू होता आणि दख्खनी फसली १३३५. इथेच एक सापळा आहे. ‘संवत’ हा शब्द फाटून गेलेला आणि पुठ्ठ्यावर नुसतं १९८२ उरलेलं, अशी वही हाती आली की घरची मंडळी ती इंदिरा गांधींच्या काळातली समजून बाजूला टाकतात. आत बघा. रक्कम रुपये-आणे-पैत असेल तर ती वही शंभर वर्षांची आहे. रुपये-पैशांत असेल तर १९८२ खरंच १९८२.

आणे ओळखायचे कसे? रुपयाच्या आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे चार आणे, दोन म्हणजे आठ, तीन म्हणजे बारा. त्यापुढच्या आडव्या रेघोट्या सुट्या आण्यांच्या. थोडा सराव झाला की डोळा बसतो. घरात पावकी-निमकी-पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊणचे पाढे, पाठ असलेलं कुणी म्हातारं माणूस असेल तर त्यांना शेजारी बसवा, तुमच्या दुप्पट वेगाने वाचतील.

लिपी हा वेगळा प्रश्न. जुन्या वह्या मोडीत असण्याची शक्यता दाट. घर मारवाडी असेल तर महाजनी किंवा मुडिया लिपीत, जिच्यात काना-मात्राच नसतात आणि लिहिणाऱ्यालाही कधीकधी संदर्भाशिवाय वाचता येत नाही. मोडीचे वर्ग पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ घेत आलंय, पुराभिलेख खात्याचेही होतात. पण आधी मोडी शिकेन आणि मग वह्या उघडेन असं करू नका, कारण आकडे तुम्हाला आजही वाचता येतील आणि हिशेबाच्या वहीत अर्धी कथा आकड्यांचीच असते. नावं आणि मालाचे शब्द पुन्हापुन्हा तेच येतात: गूळ, तेल, मीठ, मिरची, सुपारी, डाळ. जाणत्या माणसाकडून पहिली काही पानं वाचून घेतलीत की पुढे तुमचं तुम्हाला लागेल.

वहीवहीत फरक असतो. गल्ल्याशेजारी असायचा तो खर्डा, म्हणजे कच्ची वही. घाईत, पेन्सिलीने, खाडाखोड करून लिहिलेली. रात्री दिवे लागल्यावर त्यावरून रोजमेळ लिहायचा: डावीकडे जमा, उजवीकडे नावे, खाली शिल्लक. कागदाला रेघा मारलेल्या नसतात, घड्या घालून सळ पाडलेले असतात. रोजमेळावरून माणसावार खाती पडतात ती खतावणी. लोक खतावणीला हात घालतात कारण ती देखणी असते. मी खर्ड्यापासून सुरुवात करते. सव्वाशेर गूळ, नवटाक चहा, दोन पैशांची तंबाखू, मुलीच्या हाती, बाकी बाजाराच्या दिवशी, असं सगळं तिथेच असतं. खतावणीत त्याची नुसती एक रक्कम होते.

एक गोष्ट मात्र कायम लक्षात ठेवा. किरकोळ दुकानात रोखीचं गिऱ्हाईक वहीत दिसत नाही. दिवसभराची रोख विक्री रोजमेळात एका आकड्यात पडते. म्हणजे वहीत नावानिशी भेटतात ते सगळे उधारीवाले. त्यावरून ‘आमचं सगळं गिऱ्हाईक कुणबी होतं’ किंवा ‘सगळे बलुतेदार होते’ असं लिहून बसू नका. रोखीचा तो एक आकडा मात्र सोडू नका. सलग काही महिन्यांचे आकडे वारावार मांडा. आठवडी बाजाराच्या वाराला गल्ला केवढा फुगतो आणि आडवारी केवढा बसतो, यावरून दुकान गावावर जगत होतं की भोवतालच्या खेड्यांवर, हे कुणाच्या आठवणीपेक्षा पक्कं कळतं.

आता उधारी. यातली सगळ्यात बोलकी गोष्ट रक्कम नसते, ती कधी फिटली ही असते. एकेका खात्याची जमा बाजू घ्या आणि फेडीच्या तारखा उतरवून काढा. जुन्या वहीत बहुतेक खाती वर्षातून एकदा, सुगीला फिटतात, तीही पुष्कळदा धान्याच्या रूपात. जमेला रुपयांऐवजी पायली-मणांत ज्वारी दिसली की दुकानदार हा आडत्याही होता असं समजा. किराणा द्यायचा, धान्य घ्यायचं, त्याचा भाव आपण लावायचा. नफा कुठे होता हे मग वेगळं सांगायला नको.

पुढे हा ठेका बदलतो, आणि तो बदलताना दिसला की तुमच्या पुस्तिकेतलं सगळ्यात मोलाचं प्रकरण हाती आलं. ऊसपट्ट्यात पन्नासच्या दशकापासून सहकारी कारखाने निघाले आणि उधारी ‘उसाचं बिल निघालं की’ अशी झाली. वऱ्हाडात कापूस एकाधिकार खरेदी १९७२ला सुरू झाली, पैसे हप्त्यांनी मिळायला लागले, आणि दुकानदाराची उधारीही त्या हप्त्यांत अडकली. दूध संघ आले तिथे दर दहा दिवसांनी दुधाचा पगार सुरू झाला आणि उधारी दहा दिवसांवर आली. मला विचाराल तर बायकांच्या हाती नियमित पैसा पहिल्यांदा तिथे आला. खर्ड्यात साबण आणि बिस्किटं वाढतात तीही तिथेच. मास्तर, तलाठी, एसटीचा कंडक्टर यांची खाती महिन्याच्या पहिल्या आठवड्यात फिटतात. गावाची अर्थव्यवस्था कशी पालटली हे सांगायला तुम्हाला एकही जाडजूड ग्रंथ लागणार नाही, तुमच्याच खतावणीतल्या फेडीच्या तारखा पुरतील.

१९७२च्या दुष्काळाची वही सापडली तर ती वेगळी काढून ठेवा. सुगीच नाही म्हटल्यावर फेड कशाची? लोक खडी फोडायला, पाझर तलावाच्या कामावर गेले, आणि त्या कामाच्या पगाराच्या वाराला दुकानाची उधारी बांधली गेली. रेशनवर मिलो ही परदेशी लाल ज्वारी आली, कामावर सुकडी हा कोरडा पौष्टिक खाऊ मिळाला, तेव्हा दुकानातून नेमकं काय जायचं ते खर्ड्यात बघा. मी पाहिलेल्या वह्यांत मीठ, मिरची, चहापूड, गूळ आणि रॉकेल एवढ्यावर महिनेच्या महिने गेलेले आहेत, डाळीचं नाव नाही. आणि कितीशी खाती त्या वर्षानंतर पुन्हा उघडलीच नाहीत तेही मोजा. ती माणसं मुंबई-पुण्याला गेली, की दुकानाने उधार बंद केलं? वडिलांना हे विचारायचं आहे, पण वहीतली खाती समोर ठेवून.

उधारीचा विषय काढला की सावकारीचा काढावाच लागतो. बरीच घरं इथे आखडतात. किराणा आणि सावकारी एकाच गादीवरून चालणं ही आपल्याकडे जुनी रीत होती. १२ मे १८७५ला पुणे जिल्ह्यात सुप्याला बाजाराच्या दिवशी दंगा उसळला तो दुकानदार-सावकारांवरच, आणि लोकांनी शोधून जाळले ते रोखे आणि वह्या. त्यातून १८७९चा दख्खन शेतकरी कायदा आला. पुढे १९४६च्या मुंबई सावकारी कायद्याने परवाना सक्तीचा केला. तुमच्या गाठोड्यात असा परवाना, गहाणखत किंवा व्याजाचं वेगळं खातं निघालं तर ते लपवू नका. ‘आजोबा अडल्यानडल्याला मदत करायचे’ या वाक्यामागे व्याजाचा दर काय होता, तो लिहा. वाचणारे गावचेच असणार आणि त्यांच्या घरी दुसरी बाजू ठाऊक असते.

युद्धकाळाचंही तसंच. १९४३पासून रेशनिंग आणि नियंत्रणं आली, साखर, रॉकेल, धान्य सगळं परवान्यावर. काही दुकानं त्या पाच-सात वर्षांत बसली, काही एकदम माडीवर माडी चढवून उभी राहिली. तुमच्या दुकानाची जागा किंवा वाडा १९४३ ते १९५४ या काळात घेतला असेल तर पैसा कुठून आला हा प्रश्न स्वतःला विचारा. उत्तर दरवेळी काळाबाजारच असेल असं नाही. रेशन दुकानाचा परवाना मिळाला असेल, भावकीची वाटणी झाली असेल. पण प्रश्न टाळून लिहिलेलं मला तरी पटत नाही.

वस्तूंकडे येते. वजनं धुवू नका, तारेच्या घासणीने तर मुळीच नाही. एकेक वजन उपडं करा. बुडाला शिसं भरलेलं एक भोक दिसेल आणि त्या शिशावर बारीक ठसे. वजनमापे निरीक्षक दरवर्षी तपासून ठसा मारायचा. त्यात वर्षाचे शेवटचे दोन आकडे असतात, जोडीला तिमाहीचं अक्षर. जुने ठसे एकावर एक बसून पुसट झालेले असतात, पण तिरक्या उजेडात, बॅटरी आडवी धरून बघितलं की एखादा तरी लागतो. शेर, अच्छेर, पावशेर अशी वजनं असतील तर ती मेट्रिकच्या आधीची. शेर ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. किलो आला १९५८पासून टप्प्याटप्प्याने आणि १९६२मध्ये सक्तीचा झाला. त्याच्या जरा आधी, १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले होते.

म्हणजे पाच वर्षांच्या आत दुकानदाराचं नाणंही बदललं आणि मापही. आण्याचे सव्वासहा नवे पैसे, पण सव्वासहा देणार कसे? म्हणून एक आणा म्हणजे सहा, दोन आणे बारा, तीन आणे एकोणीस, चार आणे पंचवीस, असं कोष्टक ठरलं. एकेक आणा करून चारदा माल घेतला तर चोवीस पैसे, एकदम घेतला तर पंचवीस. गिऱ्हाइकाला वाटायचं दुकानदार लुबाडतोय, दुकानदाराला वाटायचं आपण बुडतोय. वर शेराचा किलो झाल्यावर भाव वाढला की माप वाढलं, हा वाद. या वर्षांतली वही मिळाली तर समासात बघा, शेराचं किलोत आणि आण्यांचं पैशांत केलेलं रूपांतर हाताने मांडलेलं बहुतेक सापडतं. पायली, अधोली, मापटं, चिपटं ही धान्याची मापं मात्र कायद्यानंतरही खेड्यांतून कितीतरी वर्षं चालू राहिली, त्यामुळे नुसत्या पायलीवरून वहीचं वय ठरवू नका.

सरकारी कागदांचा उपयोग शंभर वर्षांच्या दाव्याला होतो, पण जपून. शॉप ॲक्टचा पहिला कायदा मुंबई प्रांतात १९३९चा, त्यानंतरचा १९४८चा, मध्य प्रांत-वऱ्हाडात १९४७चा, आणि लहान गावांना तो पुष्कळ उशिरा लागू झाला. विक्रीकर मुंबई प्रांतात १९४६ला आला, मध्य प्रांतात १९४७ला, हैदराबादेत १९५०ला. त्यातही ठरावीक उलाढालीच्या आतलं दुकान नोंदणीतच येत नसे. म्हणजे पहिला परवाना १९६५चा निघाला तर दुकान १९६५चं असं नाही. हे कागद ‘निदान तेव्हापासून तरी’ एवढंच सांगतात. त्यापेक्षा जागेचे कागद बरे. भूमी अभिलेख कार्यालयातून सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका, नगरपालिकेची जुनी कर आकारणी, ग्रामपंचायत असेल तर नमुना आठ, दुय्यम निबंधकाकडचं खरेदीखत. जागा भाड्याची असेल तर भाडेपावत्या. आणखी एक साधन कुणी बघत नाही, ते म्हणजे स्मरणिका. गावच्या हायस्कूलचा रौप्यमहोत्सव, गणेशोत्सव मंडळ, नाट्यसंमेलन, स्थानिक साप्ताहिकाचा दिवाळी अंक. मागच्या पानांवर पेठेतल्या सगळ्या दुकानांच्या जाहिराती. दुकानाचं त्या वेळचं नाव, मालकाचं नाव, ‘आमचेकडे अमुक माल मिळेल’ ही यादी, सगळं छापील आणि तारखेसकट. भावांच्या वाटणीनंतर ‘जुनं दुकान’ आणि ‘नवं दुकान’ कधी झालं तेही बहुतेक तिथेच कळतं.

इथवरचं थोडक्यात: गाव कुठल्या राज्यात होतं ते आधी, मग वह्यांची सालं लावणं, मग खर्डा आणि फेडीच्या तारखा, आणि परवाने-पाट्या शेवटी.

वडिलांशी बोलायचं ते वह्या निदान सालवार लावून झाल्यावर. ‘दुकान कधी सुरू झालं’ असं विचारलंत तर पाठ केलेलं उत्तर मिळेल. त्याऐवजी वजन हातात द्या, खर्ड्याचं पान पुढे ठेवा. साल आठवत नसेल तर सर्वांच्या लक्षात असलेल्या घटना खुणेला घ्या. कोयनेचा भूकंप डिसेंबर १९६७चा, दुष्काळ बहात्तरचा, किल्लारी सप्टेंबर १९९३चं. ‘भूकंपाच्या वेळी गल्ल्यावर कोण बसायचं?’ या प्रश्नाला नेमकं उत्तर येतं. मराठवाड्यात असाल तर रझाकारांच्या वर्षी दुकान उघडं होतं का, कुटुंब सरहद्द ओलांडून गेलं होतं का, हे विचारा. पश्चिम महाराष्ट्रात काही घरांच्या वह्या गांधीहत्येनंतरच्या, १९४८च्या जाळपोळीत गेल्या. वह्यांत अचानक खंड पडला असेल तर त्याचं कारण गावात कुणालातरी ठाऊक असतं.

आणि फक्त वडिलांशी बोलू नका. आत्या, काकू, आजी असतील तर त्यांच्याशी आधी बोला. डाळी निवडल्या कुणी, पुड्या बांधल्या कुणी, दुपारी पुरुष जेवून आडवे झाले की गल्ल्यावर कोण बसायचं? वहीत या कामाची मजुरी सापडत नाही, ‘घरखर्च’ खात्याला पडलेलं सामान तेवढं सापडतं. वर्तमानपत्राच्या कागदाची शंकूची पुडी सुतळीच्या दोन वेढ्यांत कशी बांधायची, हे मी एका आजींकडून त्यांच्या स्वयंपाकघरात बघितलंय. गाठ न मारता पुडी उलटी केली तरी साखर सांडली नाही. असलं काही तुमच्या घरात कुणाला येत असेल तर मोबाईलवर चित्रित करून ठेवा.

दलित वस्तीतलं गिऱ्हाईक फळीपुढे कुठे उभं राहायचं, पैसे हातात घ्यायचे की खाली ठेवायला लावायचे, हेही विचारायचं आहे. दुकानांत सर्वांना मुक्त प्रवेश हे संविधानाच्या पंधराव्या कलमात लिहिलंय, पेठेत ते कधी उतरलं हे प्रत्येक दुकानाचं वेगळं आहे. वडील कदाचित ‘आपल्याकडे तसलं काही नव्हतं’ म्हणतील. त्या वस्तीतल्या एखाद्या जाणत्या माणसालाही विचारा, आणि दोन्ही उत्तरं शेजारीशेजारी छापा.

यातच तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर येतं. उधारीतली नावं छापू नका. साठ वर्षांपूर्वी एखाद्याने साडेचार रुपये बुडवले हे त्याच्या नातवाने तुमच्या पुस्तिकेत का वाचावं? शिवाय जुन्या वहीत माणसाची ओळख जातीने लिहिलेली असते, ती आज जशीच्या तशी छापणं म्हणजे नसती आगळीक. मी गाव आणि व्यवसाय ठेवते, नाव गाळते: ‘शेजारच्या गावचा एक सुतार, १९५३’. काम भागतं. पानाचा फोटो छापायचा असेल तर नावाचा सळ झाकून घ्या. एखाद्या घराला स्वतःहून आपलं खातं बघायचं असेल तर दाखवा, लोक फार आपुलकीने बघतात. आजोबांच्या लग्नाचा बाजार कुठल्या तारखेला नेला ते तिथे असतं.

वह्यांच्या जपणुकीचं एवढंच: ऊन दाखवू नका, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. मऊ ब्रशने धूळ आणि कसर झाडा, पानांचे फोटो क्रमाने काढा, पहिल्या फोटोत वहीचा पुठ्ठा आणि तुमचा क्रमांक येऊ द्या. मग सुती कापडात गुंडाळून कोरड्या कपाटात.

शेवटी दुकान बंद करण्याचं, कारण इथे माझा रोजचा धंदा येतो. अलीकडची कागदपत्रं जुनी रद्दी म्हणून देऊ नका. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावे लागतात, नोंदणी रद्द केल्यावरही. इतिहासासाठीही ती हवीत. मार्च १९८९पासून आयकराचं वर्ष सर्वांना ३१ मार्चचं झालं. दिवाळीची वही तेव्हापासून पूजेपुरती उरली आणि खरा हिशेब मार्चला गेला, तो बदल तुमच्याही वह्यांत दिसेल. पुढे २००५चा व्हॅट, २०१७चा जीएसटी, आणि मोबाईलवरून येणारे पैसे. उधारी त्यानंतर कमी झाली की नुसती वहीतून मोबाईलमध्ये गेली, हे वडिलांना विचारायला आजच सोपं आहे.

माल उतरवण्याआधी एक दिवस दुकान बंद ठेवून फोटो काढा. प्रत्येक फळी, बरण्या, पोत्यांची रांग, गल्ल्याचा खण, तारेला खोचलेली बिलं, आणि मालकाच्या जागेवर बसून दिसतो तो रस्ता. ती बिलं तारेवरून काढण्याआधी त्याच क्रमाने टिपून घ्या. घाऊक माल कुठल्या पेठेतून येत होता याचा शेवटचा पुरावा तोच. संवताचं किंवा आण्यांचं एखादं पान अडलं तर त्याचा फोटो इथे टाका, आकडे मी लावून देईन. मोडीचा मजकूर मात्र भारत इतिहास संशोधक मंडळातल्या जाणत्यांना दाखवा, माझं मोडी हिशेबापुरतंच आहे.